मणी काळा व्हायच्या आत

ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं पत्र नाही, निरोप नाही. टेम्पोवाला तुझ्याकडून परत आला की मी त्याला विचारते, माझा भाऊ बरा आहे का, आणि तो सांगतो की शेळ्या बऱ्या आहेत. तेवढ्यावर समाधान मानते. असो. याच टेम्पोतून खताच्या गोण्या पाठवल्या आहेत. चांगलं मुरलेलं, काळंभोर, हाताला चहाच्या चोथ्यासारखं लागतं. लिंबाच्या आळ्यांत घाल आणि वर पाचोळा पसर. माझ्या खतानं लिंबं कशी लगडली याचं कौतुक तू दर वर्षी टेम्पोवाल्याजवळ करतोस म्हणे. मला लिहायचं म्हटलं की तुझी बोटं झिजतात.

माझं कुंपण यंदा बघण्यासारखं झालं आहे आणि बघायला तू येत नाहीस. हे घर घेतल्यापासून तुझं पाऊल इकडे वळलेलं नाही. तुझी बायको, आमची धाकटी, तरी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला येऊन राहून गेली. फाटकापासून मागच्या नळापर्यंत सलग टणटणी, छातीइतकी उंच, वरून अशी सपाट की इस्त्री फिरवून घ्यावी. फूल मधे पिवळं आणि कडेनं जांभळट गुलाबी. लोक रस्त्यात थांबून बघतात. बघेनात का, पण परवा एक बाई चक्क फांदी मोडून पिशवीत घालत होती. मी शिलाईचं मशीन तसंच सोडून बाहेर गेले आणि तिला म्हटलं की तुमच्या ब्लाउजची बाही मला आवडली आहे, उसवून घेऊ का. फांदी तिथेच टाकून गेली.

लोकांना वाटतं टणटणीला काय सांभाळायचं, ती आपोआप वाढते. वाढते ना, पण आपोआप वाढलेलं झुडूप म्हणजे नुसता कापडाचा तागा. त्याचा सदरा शिवावा लागतो. थंडी सरली की जीव घट्ट करून गुडघ्यापर्यंत छाटायचं. पाणी मुळाशी द्यायचं, पानांवर नाही. खत मात्र अजिबात द्यायचं नाही, दिलं की नुसती पानं माजतात आणि फूल दिसत नाही. म्हणून तर माझा सगळा ढीग तुझ्या वाट्याला येतो. त्याला दुसरं गिऱ्हाईक नाही.

तुझे मेहुणे घड्याळं दुरुस्त करत बसतात आणि स्वतः वेळेवर जेवत नाहीत. बाकी ठीक. आशीर्वाद तुला आहेत, शेळ्यांना नाहीत. चार ओळी आल्या तर माया शाबूत आहे असं धरून चालेन.

तुझी,
ताई

ता. २७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गोण्या मिळाल्या, खत आळ्यांत घातलं. नेहमीसारखं उत्तम आहे. आता पुढचं वाच.

पांढऱ्या शेळीचं करडू मेलं. डोळे पिवळे पडले, उन्हात गेलं की अंगाची कातडी सोलून निघायची. शेवटी सावलीत पडून नुसतं कण्हत होतं. गुरांचा डॉक्टर म्हणाला, टणटणी खाल्ली आहे. मी म्हटलं, माझ्या रानात टणटणी नाही. त्यानं मला हाताला धरून लिंबाच्या बागेत नेलं आणि दाखवली. आळ्याआळ्यांत उगवली आहे, कुठे घोट्याएवढी, कुठे गुडघ्याएवढी. धाकटीचं मनगट मोडून तिचा हात कित्येक महिने प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे खुरपणी झाली नाही. मला शेळ्यांतून डोकं वर काढायला फुरसत नसते. तेवढ्यात टणटणीनं पाय पसरले. करडू दावं सोडवून बागेत शिरलं आणि कोवळं दिसलं ते खात सुटलं.

आता ही आली कुठून? बागेला लागून एक निवृत्त कंपाउंडर राहतात. त्यांच्या अंगणाभोवती टणटणीचंच कुंपण आहे, पिवळ्या फुलांचं. विचारायला गेलो तर शांतपणे म्हणाले, ही फळ न धरणारी जात आहे, खात्री करून आणली आहे, तुम्ही एक मणी शोधून दाखवा. मी म्हटलं, मणी कशाला, मेलेलं करडू दाखवतो. त्यावर त्यांनी दार लावून घेतलं. जन्मभर बाटल्यांत लाल पाणी भरून देणारा माणूस आता मला झाडांचं शास्त्र शिकवणार. इथे कुंपणच शेत खातं आहे आणि मी ऐकून घ्यायचं.

मी कुरण समितीचा चिटणीस आहे हे ते विसरले. ज्याचं झुडूप दुसऱ्याच्या रानात पसरेल त्यानं ते मुळासकट काढायचं असा समितीचा नियम आहे. पुढच्या बैठकीत विषय ठेवतो आहे. आणि ताई, तुला राग येईल, पण तुम्ही हौशी लोक सगळे सारखेच. फुलं तुमची आणि मरायला करडं आमची.

मेहुण्यांना नमस्कार. रागात लिहिलं आहे, तेव्हा रागाचं तेवढं वगळून बाकीचं पदरात घे.

तुझा,
धाकटा

ता. ५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

करडाचं वाचून वाईट वाटलं. पण पुढचं वाचलं आणि वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं. हौशी लोक सगळे सारखेच म्हणे. माझं कुंपण आणि त्या कंपाउंडरचं कुंपण तू एका दावणीला बांधलंस. माझं कुंपण कधी डोळ्यांनी बघितलं आहेस का?

मी काय करते ते तुला एकदा लिहूनच कळवते. फूल झडलं की तिथे हिरव्या मण्यांचा घोस धरतो. तो पिकून काळा झाला की पाखरं खातात आणि टणटणी गावभर होते. म्हणून मणी काळा व्हायच्या आत कात्री. गुडघा दुखो, दुकानात गिऱ्हाईक बसून राहो, मी पाटी घेऊन फिरते आणि एकूण एक घोस उतरवते. रस्त्यावर एक काडी पडू देत नाही. सगळे हिरवे मणी मागच्या ढिगात पुरते, वर शेण, वर पाचोळा. पुढच्या वर्षी त्याचीच माती झालेली असते. माझ्या झाडावर काळा मणी बघितलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

फळ न धरणारी जात, हे कंपाउंडरनं चांगलं शोधून काढलं. रोपं विकणारे काय वाटेल ते सांगतात, आणि आळशी माणसाला ते लगेच पटतं, कात्री धरायला नको. तू त्याला सोडू नकोस. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, तू जमिनीवर उभा राहून हाकतोस, तेव्हा बोलण्याचा अधिकार तुझा आहे. बैठकीत ठासून सांग. हवं तर माझं नाव सांग, की माझी बहीण इतकी वर्षं हेच झाड सांभाळते आहे आणि ती म्हणते की मणी धरल्याशिवाय टणटणी पसरत नाही, म्हणजे तुमच्याच झाडाला धरले असणार.

पुन्हा मला त्या माणसाच्या पंक्तीला बसवलंस तर गोण्या बंद. तोवर माया चालू.

ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काम झालं. बैठकीत विषय मांडला, तुझं म्हणणंही सांगितलं. तुझ्या नावाचा चांगला उपयोग झाला. सगळ्यांनी हात वर केले. मला वाटलं होतं कंपाउंडर भांडतील, तर ते काही बोलले नाहीत. उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी समिती पाहणीला गेली तेव्हा त्यांनी कुदळ हातात घेतलेलीच होती. मजूर लावला नाही. एकेक झुडूप छाटलं, खोड खणलं, मुळं वेचली आणि ढीग करून पेटवला. त्यांच्या बाई दाराच्या आत उभ्या होत्या, अर्ध्या दिसत होत्या. आता माझ्या बांधावरून त्यांचं अंगण, पायरी, दोरीवरचे कपडे, सगळं सरळ दिसतं.

लोकांनी माझी पाठ थोपटली. घरी आलो तर धाकटीनं ताट वाढून ठेवलं होतं आणि ती मागच्या दारी जाऊन बसली होती. हल्ली ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तू तिला काही विचारत बसू नकोस, तिचा हात अजून दुखतो म्हणून चिडचिड होत असेल.

बागेतली झुडपं उपटायला घेतली आहेत. मोठी होती त्यांना फुलं आली. गुलाबी निघाली, मधे पिवळी. कंपाउंडरांची नुसती पिवळी होती. बियांपासून झाड आलं की फुलाचा रंग पालटतो असं म्हणतात. तुला माहीत असेलच. पालटतो असं तू लिहून कळवलंस तर बरं होईल.

गोण्यांची घाई करू नकोस, सध्या खत पुरेसं आहे. तब्येतीला जप आणि आहे तशी माया ठेव.

तुझा,
धाकटा

ता. २ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. आ.

हात कसा आहे? तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. बागेतल्या टणटणीला गुलाबी फूल आलं, बियांपासून रंग पालटतो ना, असं विचारतो आहे. इतकी वर्षं मी हे झाड हाताळते आहे, पिवळ्याचं गुलाबी झालेलं मी ऐकलेलं नाही. तू माझं कुंपण बघितलं आहेस. बागेतल्या फुलाची एक फांदी ओल्या कागदात गुंडाळून टेम्पोवाल्याजवळ दे. धाकट्याला सांगू नकोस. लगेच पाठव. माझं मशीनवर लक्ष लागत नाही, काल एका गिऱ्हाइकाच्या कुडत्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

ता. ८ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

फांदी पाठवत नाही, पाठवायची गरज नाही. फूल तुमचंच आहे. तुमच्या ऑपरेशनला आले होते तेव्हा रोज त्या कुंपणाशेजारी मी तुमचे कपडे वाळत घालत होते. पान चुरगळलं की वास कसा येतो तेही मला माहीत आहे. टणटणी कंपाउंडरांकडून पसरली असती तर बांधावर दिसली असती, कुरणात दिसली असती. ती फक्त आळ्यांत आहे. कोपऱ्यातल्या ज्या झाडांना तुमचं खत पुरलं नाही त्यांच्या आळ्यांत एक रोप नाही. पाखरं काही खत बघून बसत नाहीत.

हे मला आज कळलेलं नाही. दोन वर्षं मी ती रोपं उपटते आहे. दूध काढून झालं आणि हे शेळ्या घेऊन गेले की बोटाएवढी असतानाच उपटायची, वाळवायची, जाळायची. हाताला काटे भरतात आणि मग दिवसभर खाज सुटते. तुम्ही विचाराल, बोलली का नाहीस. कुणाजवळ बोलायचं होतं? तुम्हाला लिहिलं असतं तर भावजयीनं नणंदेच्या भेटीत खोट काढली असं झालं असतं. यांना सांगितलं असतं तर माझ्या बहिणीचं काही तुला बघवत नाही असं झालं असतं. तुम्ही इकडे येत नाही, हे तिकडे येत नाहीत, पत्र लिहायचं तर दोघांच्या जिवावर येतं. त्या गोण्यांची ये-जा तेवढी राहिली होती. गोणी आली की हे आधी तोंड सोडून वास घेतात आणि ताईच्या हाताला गुण आहे म्हणतात. मग मी मूग गिळून उपटत राहिले. मनगट मोडलं नसतं तर आजही उपटत असते आणि तुम्ही दोघं टेम्पोवाल्याजवळ एकमेकांचं कौतुक करत बसला असता. मला याचा फार राग येतो वन्सं. इतका की तुमच्या गोण्या मी विहिरीत टाकल्या नाहीत याचंच नवल वाटतं.

पण बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. बागेत नेऊन आळी दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, गोठ्यात जाऊन बसले, आणि परत येऊन म्हणाले की ताईला यात ओढायचं नाही, शिवाय विषय ठेवून झाला आहे, आता मागे घेतला तर चिटणिसाचं हसं होईल. दुसऱ्या दिवशी तुमचं नाव बैठकीत निघालंच, पण साक्षीदार म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी हे मी आजवर नुसतं ऐकत होते. ते आमच्या घरात घडलं.

आणि ते कुंपण शोभेचं नव्हतं. कंपाउंडरांच्या बाईंना झटका येऊन गेला आहे, चेहऱ्याची एक बाजू उतरली आहे. कुणी बघितलेलं त्यांना सोसत नाही. कुंपणाचा आडोसा होता म्हणून त्या दिवसभर अंगणात बसायच्या, भाजी निवडायच्या, आमच्या शेळ्यांना हाका मारायच्या. कुंपण गेल्यापासून त्या घराबाहेर आलेल्या नाहीत. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. हात वर करताना कुणी बोललं नाही, इतकंच.

मोठ्यांना असं लिहू नये हे मला कळतं. नमस्कार मनापासून आहे. लोभ मात्र आज मागत नाही.

धाकटी

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद मागाहून देईन.

धाकटीनं मला लिहिलं. काय लिहिलं ते तिला विचारायला जाऊ नकोस, तुला ते आधीपासून ठाऊक आहे. वाचून मला पहिल्यांदा तिचाच राग आला. पत्र चुरगळून चिंध्यांत टाकलं आणि तुझ्या मेहुण्यांना म्हटलं, भावजय ती भावजयच. ते डोळ्याला भिंग लावून काम करत होते. भिंग न काढता म्हणाले की मग ढीग उकरून बघ. मला त्यांचाही राग आला. त्या रागातच जाऊन ढीग उकरला.

वरचं सगळं कुजून माती झालं होतं. कडेला आणि तळाशी, जिथे ऊब पोचत नाही तिथे, माझे हिरवे मणी काळे होऊन पडले होते. झाडावर मी त्यांना पिकू दिलं नाही, ते ढिगात निवांत पिकले. ढिगाच्या भोवती उगवणारं बारीक रोप मी इतकी वर्षं गवत समजून उपटत आले. त्याचं पान चुरगळून वास घेतला. दुसरी साक्ष मला नको.

माझ्यावरचा राग माझा मी बघून घेईन. तुझ्यावरचा तुझ्याकडे पाठवते आहे. मी नकळत पाठवलं. तू कळून सवरून गप्प बसलास. एका बाईला अंगणातून उठवून घरात कोंडलंस, आणि वर ती अर्धी दिसत होती म्हणून मला लिहितोस. तू मला वाचवलंस असं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. मला वाचवायचं होतं तर माझं नाव साक्षीला कशाला काढलंस? तू चिटणिसाची खुर्ची वाचवलीस. मग मलाच विचारतोस की रंग पालटतो ना, म्हणजे मी हो म्हणावं आणि आपण दोघांनी मिळून खोटं पक्कं करावं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं मी तुझ्या बाबतीत जन्मभर केलं. तू कुणाला मारून आलास तरी मी समोरच्या घरी जाऊन भांडायची. त्याचं हे फळ आहे.

कुंपण काढायला घेतलं आहे. तुझे मेहुणे कुदळ चालवतात, मी मुळं ओढते. येणारेजाणारे हळहळतात. रडत असेन असं समजू नकोस. दातओठ खाऊन ओढते आहे, मुळं तशीच चांगली निघतात. ढीग जाळून टाकला.

आता तुझं काम. ज्यांनी हात वर केले त्यांच्यासमोर बैठकीत उभा राहा आणि सांग की कंपाउंडर खरं बोलत होते, टणटणी माझ्या बहिणीच्या खतातून आली, आणि बैठकीला बसलो तेव्हा मला ते माहीत होतं. त्यांच्या बाईंना मी वेगळं पत्र लिहिते आहे. तुझ्या वतीनं त्यात एक अक्षर लिहिणार नाही, ते तुझं तू बोल.

ताई

ता. २८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. घरात धाकटी तशीच, तिकडून तू. शेळ्या तेवढ्या बऱ्या वागतात.

बैठक झाली. मी बोललो नाही. उठलो होतो, सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा पाणी पिऊन खाली बसलो. तुला सांगायला सोपं आहे. मी एकदा असं बोललो की उद्या समितीचा कुठलाच निर्णय कुणी मानणार नाही, जो तो म्हणेल चिटणीस आपल्या बहिणीसाठी दुसऱ्याची झाडं काढतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. कंपाउंडरांचं नुकसान झालं ते मी भरून द्यायला तयार आहे, आणि भरून द्यायला गेलोही होतो.

बांबू आणून ताट्या विणल्या. चांगल्या उंच, तुझ्या कुंपणापेक्षा उंच. कंपाउंडर बाजारात गेले असताना त्यांच्या अंगणाच्या कडेनं माझ्या हातानं बांधल्या. ते परत आले, पिशवी खाली ठेवली आणि आत गेले. आतून बाहेर आले ते विळा घेऊनच. एकेक दोरी कापून ताट्या सुट्या केल्या आणि माझ्या बांधाला टेकवून ठेवल्या. मी तिथेच उभा होतो. शेवटी मी म्हणालो की टणटणी आमच्याकडचीच निघाली. ते म्हणाले, माहीत आहे, गुलाबी फूल आम्हालाही दिसतं. मग म्हणाले की कुंपण माझं नव्हतं, घरातलीचं होतं, तेव्हा तुम्हाला काय म्हणायचं ते तिला म्हणा. दार उघडंच होतं. मी दाराकडे बघितलं आणि घरी निघून आलो.

माणसाला किती वेळा खाली बघायला लावायचं याला काही माप आहे की नाही? तू तुझं कुंपण काढायला नको होतंस. एवढं जिवापाड वाढवलेलं. मला ते कधी बघायला मिळालं नाही.

रोपं रोज उपटतो आहे. नवीन येतच राहतात. आशीर्वाद राखून ठेवले आहेस ते कळलं, पाठवशील तेव्हा घेईन.

तुझा,
धाकटा

ता. ११ एप्रिल

ताईंना,
स. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहिते आहे, तेव्हा अक्षर तिरकं आहे. बोलणं जड झालं आहे, लिहिणं सावकाश का होईना जमतं.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही पानभर माफी मागितली आहे. तुमच्यावर माझा राग नाही असं लिहायचं ठरवून बसले होते, पण राग आहे. खताचा नाही. ती चूक कुणाकडूनही झाली असती. तुम्ही कधी न बघितलेल्या झाडाविरुद्ध साक्ष दिलीत आणि कधी न बघितलेल्या माणसाला आळशी ठरवलंत, त्याचा राग आहे. माझे यजमान आळशी नाहीत. तुम्ही स्वतःचं कुंपण काढलंत असं लिहिता. त्यानं माझं परत येत नाही, पण काढलंत ते बरं केलंत.

सगळे त्याला कंपाउंडरांचं कुंपण म्हणायचे. ते माझं होतं. रोपं मी निवडून आणली, आजारी पडेपर्यंत छाटणी मी केली, नंतर हे छाटायचे आणि मी खुर्चीवरून सांगायची. आमच्या झाडाला मणी धरत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरीही कुंपण काढायला मीच लावलं, समितीनं नाही. तुमच्या भावाचं करडू गेलं त्या दिवशी ते त्याला मांडीवर घेऊन बांधावर बसले होते. मी पानांच्या फटीतून बघत होते. एवढा मोठा माणूस हुंदके देत होता. मला वाटलं, एखादा मणी आपल्या नजरेतून सुटला असेल, त्यापायी दुसरं करडू जायला नको. हे नको म्हणत होते. बैठकीत जाऊन भांडतो म्हणाले, तर मीच यांना शपथ घातली की एक शब्द बोलायचा नाही. तुमच्या भावाच्या रडण्यावर विश्वास ठेवून मी माझं बाहेर बसणं सोडून दिलं. त्यांना बैठकीच्या आदल्या दिवशीच खरं कळलं होतं हे मला तुमच्या पत्रातून समजलं.

ताट्या मी परत करायला लावल्या. तुमचे भाऊ त्या बांधत होते तेव्हा मी आतून बघत होते. मन लावून बांधत होते, माझ्यासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. मी दिसू नये ही त्यांची गरज झाली आहे. मला झटका आला आणि तोंड वाकडं झालं, यात लाजण्यासारखं मी काय केलं होतं? आजवर उगाच लपले.

आता रोज बाहेर बसते. अंगणात नाही, अगदी बांधाला लागून. येणारेजाणारे पहिल्यांदा बघायचे, आता कुणी बघत नाही. तुमचे भाऊ पलीकडे आळ्यांतली रोपं उपटायला येतात. पहिल्या दिवशी मला बघून तसेच परत गेले. नंतर येऊ लागले, पण पाठ करून बसतात आणि मान खाली घालून उपटतात. तुमची भावजय भली आहे, माझ्याजवळ येऊन बसते. आम्ही दोघी मिळून भाजी निवडतो.

त्यांनी बैठकीत बोलावं की बोलू नये, हे मी सांगणार नाही. मला त्यांच्याकडून काही ऐकायचंही नाही. पण ते काम संपणारं नाही, रोज येत राहावं लागेल, आणि प्रत्येक झाडाच्या सगळ्या बाजूंनी बसून उपटावं लागतं. कधी तरी तोंड माझ्याकडे होईल. तेव्हा मान वर करतील त्या वेळी मी समोर असेन, उतरलेली बाजू त्यांच्याकडे करून.

लोभ ठेवायचा की नाही ते मागाहून बघू. उत्तर पाठवलंत तर वाचीन.

तुमच्या भावाची शेजारीण